चिठ्ठीशिवाय

डॉ. विरूपाक्ष हलकुडे आपल्या मुलीच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आले, ते पेशंट म्हणून.

उदगीरच्या स्टेशन रोडवर, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निलांबिकाचं फिजिओथेरपी क्लिनिक होतं. सकाळची वेळ. बाकावर चार-पाच माणसं बसलेली. अप्पा जिना चढून आले, कुणाला काही न विचारता बाकाच्या टोकाला टेकले. शेजारी तोंडारची एक म्हातारी गुडघा धरून बसली होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं. तिची तीनही बाळंतपणं त्यांच्याच दवाखान्यात झालेली.

"डॉक्टरसाब, तुमी हितं? लेकीला भेटाया आलाव?"

"नाही आजी. तुमच्यासारखाच आलोय. नंबरानं."

पडदा सरकवून "पुढचे कोण?" म्हणत निलांबिका बाहेर आली आणि तिचा हात पडद्यावरच राहिला. क्लिनिक इथे आणल्यापासून अप्पांनी हा जिना कधी चढला नव्हता.

"अप्पा? आई बरी आहे ना?"

"आईला काय झालंय! आजींचं होऊ दे आधी."

आजींचं झालं, त्यांच्या मागच्या दोघांचं झालं. मग अप्पा आत आले, तपासणीच्या टेबलावर बसले आणि म्हणाले, "चिठ्ठी आणलेली नाही. तुझ्याकडे लागत नाही म्हणे."

ते थट्टा करत होते की नाही, हे निलांबिकाला कळेना.

त्या 'म्हणे'च्या मागे बरंच काही होतं. पूर्वी फिजिओथेरपिस्टकडे जायचं तर आधी डॉक्टर गाठावा लागे. डॉक्टर तपासणार, चिठ्ठी देणार, मग फिजिओ अंगाला हात लावणार. नव्या कायद्यानं ती अट काढून टाकली. पाठ धरली, मान आखडली, पाय मुरगळला, की माणसानं थेट फिजिओकडे जावं. आणि हे शक्य झालं होतं ते श्रवणपट्टीमुळे.

आपण मूठ वळतो तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जारज्जूत उतरतो आणि तिथल्या चेतापेशी तो स्नायूपर्यंत पोचवतात. एकेका पेशीच्या ताब्यात स्नायूचे शेकडो धागे असतात. पेशीनं इशारा केला की तिचे सगळे धागे एकदम आखडतात, आणि त्या क्षणी विजेची एक बारीक लहर कातडीपर्यंत येते. ती टिपायला पूर्वी स्नायूत सुई खुपसावी लागे, आणि कातडीवरून ऐकलं तर साऱ्या पेशींचा नुसता गलका कानी पडे. श्रवणपट्टी म्हणजे मोज्यासारखी ताणली जाणारी एक बाही. तिच्यात खसखशीएवढे संवेदक दाटीनं विणलेले होते. भरल्या आठवडी बाजारात सगळे एकदम बोलत असताना प्रत्येकाचं बोलणं वेगळं काढून घ्यावं, तसा तिचा संगणक एकेका पेशीचा आवाज वेगळा काढायचा.

त्यातून एक गोष्ट, जी डॉक्टरांना पुस्तकातून ठाऊक होती, ती रोज डोळ्यांसमोर दिसू लागली. रोगामुळे यातली एखादी पेशी मेली तर तिचे धागे पोरके होतात. पण ते फार दिवस पोरके राहत नाहीत. शेजारची पेशी आपली एक फांदी वाढवते आणि त्यांना आपल्या घरात घेते. माणसाची ताकद होती तेवढीच राहते, त्याला पत्ताही लागत नाही. अशा करत निम्म्याहून जास्त पेशी जातात, उरलेल्यांना आणखी भार उचलवेनासा होतो, आणि मग एके दिवशी हातातून पेला निसटतो. पट्टीला मात्र हे कितीतरी आधी कळतं. आवाज कमी झालेले असतात आणि जे उरलेत ते मोठे झालेले असतात.

त्याच सुमारास मज्जारज्जूत द्यायचं एक इंजेक्शनही निघालं. मेलेल्या पेशी ते परत आणत नसे. पण ज्यांना अजून रोग शिवलेला नाही, त्यांना वाचवत असे. त्यामुळे वेळेवर कळणं ही जगण्यामरणाची गोष्ट झाली. पट्टी वापरणाऱ्या फिजिओकडे लोकांनी सरळ जावं आणि काही गंभीर दिसलं तर फिजिओनं पुढे पाठवावं, असा नियम झाला.

तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला. सभा भरली. विरोधातलं मुख्य भाषण अप्पांचं होतं, आणि दुसऱ्या बाजूनं बोलायला उभी राहिली ती त्यांचीच मुलगी. तोवर तिची व्यायामाची खोली अप्पांच्या दवाखान्याला लागूनच होती, मधल्या दारातून चहा इकडून तिकडे जायचा.

"अंगाला हात लावता येणं वेगळं आणि माणूस तपासणं वेगळं," अप्पा म्हणाले होते. "उद्या माझ्या घरात कुणाचं दुखलं, तरी मी चिठ्ठीशिवाय त्याला पाठवणार नाही." टाळ्या पडल्या.

"तुमच्या चिठ्ठीची वाट बघण्यात लोकांचं दुखणं जुनं होतं," निलांबिका म्हणाली. तिलाही टाळ्या पडल्या.

त्यानंतर तिनं स्टेशन रोडची जागा घेतली, राहायलाही तिथेच मागच्या खोलीत गेली. सणावाराला घरी जायची. जेवताना भाजीचं, पाहुण्यांचं, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं. कामाचं कधी नाही.

"काय होतंय?" तिनं आता विचारलं, कुणाही पेशंटला विचारावं तसं.

"उजवा हात चालत नाही नीट. मानेत नस दबली असणार. वय झालं. थोडं ट्रॅक्शन दे, व्यायाम सांग."

"दुखतं?"

"नाही."

ते 'नाही' तिला आवडलं नाही. नस दबली तर माणूस कळवळतो. तिनं त्यांचा हात हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा आत बसला होता. तिनं कागदाचा एक कपटा त्यांच्या चिमटीत दिला. "घट्ट धरा, सोडू नका." तिनं तो ओढला आणि तो अलगद निघून आला. तिनं बाही वर सारली. दंडावरच्या कातडीखाली बारीक फडफड चालली होती, साचलेल्या पाण्यावरून किडा चालत जावा तशी.

"पट्टी लावते."

"लाव," अप्पा म्हणाले.

पट्टीला आवाजही होता. निरोगी हाताचा आवाज सुपात ज्वारी पाखडल्यासारखा सलग यायचा. अप्पांच्या हातातून एकेक दाणा पडल्यासारखा आला. मध्ये रिकामं, मग एक दाणा, आणि तो जड. खाली दुकानात खताची पोती उतरवत होते, हमाल काहीतरी ओरडत होते. दोघंही ऐकत राहिले.

"छातीला लाव. श्वासाचा पडदा बघ," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आधी..."

"लाव बाळा."

तिथेही दाणे विरळ झाले होते.

निलांबिका स्टुलावर बसली. हे सांगायची वेळ तिच्यावर आधीही आली होती. एका शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला, एका शिंप्याला. ड्रायव्हर पाठदुखीसाठी आला होता आणि तिचं बोलणं ऐकून बूट न घालताच जिना उतरून गेला होता. अशा वेळी बोलायची वाक्यं तिनं तयार ठेवली होती. 'पुढच्या तपासणीची गरज आहे', 'घाबरून जाऊ नका'. समोर बसलेल्या माणसानं तीच वाक्यं आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलेली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात एका लेकराला लस देताना सिरिंज सटकली. घाम असेल म्हटलं. मग शर्टाची बटणं लागेनात. तुझ्या आईला सांगितलं, आता झब्बाच बरा वाटतो."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"शंका होती. दुसऱ्याबद्दल शंका आली तर डॉक्टर लगेच खात्री करून घेतो. स्वतःबद्दल आली तर सगळ्यात शेवटी."

"दाखवलं का नाही मग? लातूरला, हैदराबादला, तुमचे एवढे मित्र आहेत."

"मित्राला दाखवलं की दुसऱ्या दिवशी गावाला कळतं. हात चालत नाही म्हटल्यावर दवाखान्यात कोण येणार?"

"मग माझ्याकडे यायचं! मी कुणाला सांगितलं असतं? पट्टी इथं होती अप्पा. हा जिना चढून यायचं होतं फक्त."

अप्पांनी झब्ब्याची बाही खाली ओढायचा प्रयत्न केला. बोटं कापडावरून घसरली. ती उठली आणि तिनं बाही नीट केली.

"भर सभेत बोललो होतो ना गं मी," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ती त्यांना हैदराबादला घेऊन गेली. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञ बाई वयानं निलांबिकाएवढ्याच होत्या. पट्टीची नोंद त्यांनी दोनदा पाहिली, अप्पांना चालायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. मग हिंदीत, हळू आवाजात बोलल्या.

"इंजेक्शन देऊ आपण, सर. पण ज्या पेशींना वाचवायचं, त्याच थोड्या उरल्यात. आणि ज्या उरल्यात, त्यातल्याही बऱ्याच आजारी आहेत. मागच्या वर्षी आला असतात तर..."

त्यांचं लक्ष निलांबिकाकडे गेलं आणि त्या थांबल्या.

"बोला," अप्पा म्हणाले. "ती माझी फिजिओ आहे."

इंजेक्शन दिलं. परतताना निलांबिका गाडी चालवत होती. बीदरच्या अलीकडे एका टपरीवर ते चहाला थांबले. अप्पांना कप उचलवेना म्हणून तिनं बशीत चहा ओतला आणि बशी त्यांच्या ओठांपर्यंत नेली. लहानपणी ताप आल्यावर ते तिला असाच चहा पाजायचे. पण ते तिनं बोलून दाखवलं नाही. तिला राग आला होता, आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"एवढं झालं, आता तरी म्हणाल का कायदा बरोबर होता?"

"नाही."

"अप्पा!"

"मी मूर्खपणा केला. म्हणून कायदा कसा बरोबर ठरेल? उद्या मी हेल्मेट न घालता पडलो तर त्यानं काय सिद्ध होतं?"

"सोपा रस्ता होता, तो वापरला असता तर माणूस वाचला असता, हे सिद्ध होतं."

"तुझी पट्टी रोग ऐकते, कबूल. माझ्यापेक्षा चांगला ऐकते. पण निला, मी एखाद्याला चिठ्ठी द्यायचो तेव्हा नुसता कागद देत नव्हतो. वाईट काही असलं, तर ते आधी माझ्याकडे यायचं. मी ते रात्रभर डोक्यात ठेवायचो. घरच्या कुणाला बोलवायचं, काय सांगायचं, किती सांगायचं, ते ठरवायचो. मग तुझ्याकडे पाठवायचो. तू हसतखेळत व्यायाम द्यायचीस."

तिनं बशी बाकावर ठेवली.

"परवा माझं तुला एकटीला ऐकावं लागलं," अप्पा म्हणाले. "मध्ये कुणी नव्हतं. हेच नको होतं मला. सभेत मी ते नीट सांगितलं नाही. सभेत माणूस नीट सांगत नाही काही."

"मला चाललं असतं," ती म्हणाली. "मागच्या वर्षी चाललं असतं मला."

टपरीवाल्यानं विचारलं, अजून एक देऊ का साहेब? दोघांनीही ऐकलं नाही.

आईला सांगायचं काम अप्पांनी केलं. महानंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हातातली परात ओट्यावर ठेवली आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"त्या दिवशी दोघंही टाळ्या घेऊन घरी आलात," त्या म्हणाल्या. "मी सांजा करून ठेवला होता. दोघंही जेवला नाहीत. तेव्हाच मला वाटलं होतं, ह्या टाळ्या पचायच्या नाहीत आपल्याला."

त्या रडल्या नाहीत. निलांबिकाची बॅग मात्र त्यांनी स्वतः स्टेशन रोडवरून घरी आणवली.

मग रोजचा क्रम सुरू झाला. सकाळी क्लिनिकला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर निलांबिका अप्पांचे सांधे हलवायची. या आजारात स्नायू सुकतात आणि वापर नसला की सांधे जागच्या जागी आखडतात. एकदा आखडले की कपडे घालणंसुद्धा यातना होते. व्यायामानं रोग थांबत नाही. माणसाला कुशीवर वळवता येतं, पाय सरळ करता येतो, एवढंच. तिनं खांदे फिरवले, कोपरं उलगडली, बोटं एकेक करून सरळ केली, मांड्या छातीशी नेल्या. आणि ते करताना दोघं भांडायचे.

"आज एक बाई आली होती. मान दुखते म्हणून," ती म्हणायची. "पट्टीत काही नव्हतं. व्यायाम दिला, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, मोकळी होऊन गेली."

"नवरा मारतो का, विचारलंस?"

"अप्पा, मान दुखत होती."

"तेच म्हणतो. मान कुणी पिरगाळली, ते पट्टी सांगते का?"

दुसऱ्या दिवशी तिनं त्या बाईला फोन करून परत बोलावलं. नवरा मारत नव्हता. सासूच्या आजारपणात तिला रोज उचलून न्हाऊ घालत होती. निलांबिकानं विजयी मुद्रेनं घरी येऊन सांगितलं. अप्पा म्हणाले, "बघ, विचारल्यावर कळलं ना?" आणि दोघंही हसले. हसता हसता अप्पांना ठसका लागला, तो बराच वेळ थांबला नाही. स्वयंपाकघरातून आई धावत आल्या. त्यानंतर निलांबिका जेवणाच्या आसपास वाद काढेनाशी झाली.

दवाखाना बंद झाला तरी जुने पेशंट ओसरीवर येऊन बसत. अप्पा नुसतं पाहून सांगत, याला कावीळ आहे, हिचं रक्त कमी आहे. हळूहळू त्यांचा शब्द जड झाला. आधी परक्यांना कळेना, मग नातेवाइकांना, मग आईलाही अर्धंच कळू लागलं. निलांबिका शेवटपर्यंत समजायची. ती त्यांचं बोलणं आईला सांगायची, आणि त्यात स्वतःच्या विरोधातले मुद्देसुद्धा प्रामाणिकपणे सांगायची.

"ते म्हणतात, मी हट्टी आहे."

"ते बरोबरच आहे," आई म्हणायच्या.

आणि मग एक दिवस त्यांच्या घशातून नुसती हवा आली.

निलांबिकानं गालावर लावायची छोटी पट्टी आणली. गालाच्या स्नायूत अजून काही पेशी शिल्लक होत्या. 'हो' म्हणायचं असेल तर एकदा टिक, 'नाही'साठी दोनदा. अक्षरं जोडून वाक्य करून देणारं यंत्रही होतं, पण त्यात अप्पा फार थकत. दोन शब्द झाले की कपाळावर घाम यायचा. त्यांनी ते नको म्हटलं. टिक टिक.

व्यायाम करताना ती बोलत राहायची. क्लिनिकमध्ये काय झालं, कोण आलं, तिनं काय ठरवलं. वाद व्हावा म्हणून मुद्दाम चुकीचंही बोलायची. "आता मी पेशंटना फोनवरूनच व्यायाम सांगणार आहे. हात लावायची गरज काय?" टिक टिक, टिक टिक, टिक टिक. अप्पांचे डोळे चिडायचे. तिला बरं वाटायचं. मग टिक टिक करायलाही त्यांना वेळ लागू लागला. तिचं वाक्य संपायचं, खोली शांत राहायची, आणि उत्तर येईपर्यंत ती त्यांचं पाऊल हातात धरून थांबायची.

घशात छिद्र पाडून यंत्रावर श्वास द्यायचा की नाही, हे त्यांनी बोलता येत होतं तेव्हाच सांगून ठेवलं होतं. नाही. आईनं ते दोनदा विचारून घेतलं होतं. निलांबिकानं एकदाही विचारलं नव्हतं.

दर आठवड्याला ती छातीला पट्टी लावून श्वासाच्या पडद्याचे आवाज मोजायची. आधी आकडा अप्पांना दाखवायची, कारण ते मागायचे. पुढे पुढे ती स्क्रीन स्वतःकडे वळवून ठेवू लागली. एका दुपारी, बाहेर आई जाईचा वेल बांधत होत्या, तेव्हा अप्पांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग स्क्रीनकडे. तिला प्रश्न कळला.

स्क्रीनवर जे होतं ते तिनं वाचलं. हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

"आहेत अजून बरेच," ती म्हणाली.

आयुष्यभर तपासण्या वाचलेला माणूस तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यांनी डोळे मिटले. गालावरची पट्टी वाजली. टिक.

ती पुढच्या टिकची वाट पाहत राहिली. ती आली नाही. इतक्या वर्षांत अप्पांनी तिचं म्हणणं एकदाच, वाद न घालता मान्य केलं होतं, आणि ते खोटं होतं हे दोघांनाही माहीत होतं. तिनं पट्टी काढली, गुंडाळली आणि पाठ फिरवून बराच वेळ गुंडाळतच राहिली.

त्यानंतरच्या अमावास्येच्या सुमारास, दुपारची भाकरी झाल्यावर, अप्पा गेले. आई जवळ होत्या. श्वास लांबत गेला आणि एक श्वास आलाच नाही. निलांबिका क्लिनिकमध्ये होती, आणि तिचा फोन बराच वेळ लागलाच नाही. फोन आल्यावर ती पेशंटला "मी आलेच" म्हणाली आणि धावत सुटली, तेव्हा तिच्या हाताला तेल तसंच होतं.

ती पोचली तोवर घर भरलं होतं. भालकीहून अप्पांचे धाकटे भाऊ शरणप्पाकाका आले होते. ते आदल्याच दिवशी भेटायला म्हणून येऊन थांबलेले. मठाचे स्वामीही आले होते. लिंगायताला निजवून नेत नाहीत. त्याला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. तसाच बसलेला तो विमानातून, म्हणजे फुलांनी सजवलेल्या पालखीतून जातो आणि तसाच बसलेला समाधीत उतरतो.

आंघोळ झाली होती. बाजेजवळ काका आणि आणखी दोघं अवघडून उभे होते.

"लवकर बसवायला हवं," स्वामी म्हणाले. "अंग ताठलं की अवघड होतं."

"पण इतके महिने पडून होता दादा," काका म्हणाले. "पाय वळतील का? ओढाताण करायचा जीव होत नाही."

"थांबा काका," निलांबिका म्हणाली. "मी बसवते."

"पोरी, तू?"

"रोज मीच करते."

तिनं हातावरचं तेल पुसलं नाही. बाजेच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि रोजच्यासारखी घोट्यापासून सुरुवात केली. डावं पाऊल वरखाली. मग टाच हातात घेऊन गुडघा. मग मांडी बाहेर.

"ढिला सोडा, अप्पा," ती म्हणाली. दिवसातून कितीतरी वेळा, येणाऱ्या प्रत्येकाला ती हे म्हणत असे. तोंडातून गेल्यावर तिला कळलं.

माणूस कितीही 'सोडला' म्हणो, त्याचा स्नायू पूर्ण कधी सोडत नाही. झोपेतसुद्धा तो थोडा हात राखून असतो. शरीर हलवणाऱ्याच्या तळव्याला ते जाणवतं. फार थोडं, पण जाणवतं. अप्पांचा आवाज गेला, बोटं गेली, तरी परवापर्यंत तिच्या तळव्याला तो एवढासा अडथळा लागत होता. आज पाऊल मांडीवर आलं, दुसरं पाऊल त्यावर आलं, कंबर सरळ झाली, आणि कुठेही काही आडवं आलं नाही.

काकांनी पाठीला आधार दिला. अप्पा भिंतीला टेकून मांडी घालून बसले, सकाळी पूजेला बसावं तसे.

"किती सहज बसला गं माझा भाऊ," काका म्हणाले आणि रडू लागले. "एवढ्या आजारातून गेलेला माणूस असा बसत नाही."

आईनं अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग सोडलं. निलांबिकानं त्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, आईनं लिंग तळव्यावर ठेवलं, आणि निलांबिकानं ती बोटं पुन्हा मिटली.

"दुखलं नाही ना त्यांना?" आईनं हळूच विचारलं.

"नाही आई."

लोक हार घेऊन पुढे येऊ लागले. स्वामींनी मंत्र सुरू केला. कुणीतरी निलांबिकाला बाजूला व्हायला सांगितलं, पण ती अप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. तळव्याखाली एवढासा तरी विरोध लागेल, म्हणून ती थांबली होती.